विशीच्या आत कोट्यधीश झालेले फुटबॉलर आणि पगार लॉक करण्याची आयडिया

तुमचा प्रश्न असा, की इंग्लंडमधल्या या पोरांना १८-१९ व्या वर्षी एवढा पैसा मिळतो आणि मग ती वाया जातात, तर क्लबनं २१ पूर्ण होईपर्यंत पगार बँकेत लॉक करून का ठेवू नये. त्यावर बऱ्याच जणांनी 'ठेवायलाच पाहिजे' म्हणून उत्तर टाकलंय. मला नाही पटत, आणि का ते जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या अकाउंटंटच्या ऑफिसात ९ वर्षं काढली. आमच्याकडं पाच-सहा फुटबॉलर क्लायंट असायचे, टीव्हीवर दिसणारे नाहीत, खालच्या डिव्हिजनमधले. आधी पैशाचं सांगतो कारण तिथंच लोकांचा गोंधळ होतो. पेपरात येतं 'आठवड्याला २० हजार पाउंड'. म्हणजे वर्षाला १० लाख ४० हजार. त्यातले इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता) मिळून पावणेपाच लाख जातात, हातात येतात साडेपाच लाखाच्या आसपास. एजंटची फी क्लबनं भरली तरी पोराच्या वतीनं भरलेला भाग त्याचाच फायदा धरतात आणि त्यावरही टॅक्स लागतो. तरी पैसा प्रचंडच आहे, पण गंमत अशी की पोराच्या आणि त्याच्या मामाच्या डोक्यात कायम २० हजारच असतात.

एक पोरगं होतं १९ वर्षांचं, आईबरोबर आलं. काखेत बुटांचा रिकामा बॉक्स आणि त्यात न फोडलेली पाकिटं, बहुतेक टॅक्सवाल्यांची ती तपकिरी. मी एकेक फोडत बसलो. पार्किंगचे सात दंड निघाले, सगळे एकाच गाडीचे, आणि ती गाडी हा चालवतच नव्हता, चुलतभाऊ चालवायचा, हप्ता मात्र याच्या खात्यातून. मी विचारलं काउन्सिल टॅक्स (आपल्याकडची घरपट्टी म्हणा) कोण भरतं, तर म्हणाला ते काय असतं? चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं, कारण घर क्लबच्या माणसानं बघून दिलेलं, लाईट-गॅस त्यानंच लावून दिलेलं, डेंटिस्टची वेळसुद्धा तोच घ्यायचा. प्लेअर लायझन ऑफिसर म्हणतात त्याला, काम चोख करतात ही माणसं, पण त्यामुळं आपण विशीत धक्के खात जे शिकतो ते या पोरांच्या वाट्याला येतच नाही. आई सगळा वेळ गप्प होती. पोरगं बाथरूमला गेलं तेव्हा म्हणाली, मी याला आता काय आणि कशी बोलू, मी राहते ते घर याच्या पैशानं घेतलंय.

माझं म्हणणं त्या बाईच्या बोलण्यातच आहे. पैसा आला की पोराच्या भोवतीचा सगळा गोतावळा त्याच्या पगारावर जातो, एजंट, मित्र, भाऊ, कधीकधी आईबापसुद्धा, आणि मग 'गप बस, हे करायचं नाही' म्हणून दम द्यायला कोणी उरत नाही. पगार लॉक केला तर उधारी चालू होईल, २१ च्या वाढदिवसाला सगळे दारात उभे राहतील, एवढाच फरक.

प्रयोग झालेत तसे. लिव्हरपूल क्लबनं २०१६ च्या सुमारास पहिल्या वर्षाच्या प्रोफेशनल पोरांचा मूळ पगार वर्षाला ४० हजार पाउंडांवर बांधला होता. भूक टिकावी हा हेतू चांगलाच होता. पण इंग्लंडमध्ये १७ व्या वर्षी प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट सही करता येतं, १८ च्या आतल्याला फिफाच्या नियमानं ३ वर्षांच्या पुढचं देता येत नाही, त्यामुळं पोरगं चांगलं असेल तर कॉन्ट्रॅक्ट संपायच्या आधी दुसरा क्लब चेक घेऊन तयारच असतो. आपला पगार बांधणारा क्लब पोरगंच गमावून बसायचा.

आणि प्रत्येक वेळी पैशालाच धरायचं हेही मला चुकीचं वाटतं. डेले अली या इंग्लंडच्या खेळाडूचं बघा. १६ व्या वर्षी एमके डॉन्स या छोट्या क्लबच्या मुख्य टीममध्ये, २०१५ मध्ये ५० लाख पाउंडांत टॉटनहॅम या लंडनच्या मोठ्या क्लबात, लागोपाठ दोन वर्षं इंग्लंडचा सर्वोत्तम तरुण खेळाडू, २०१८ च्या वर्ल्ड कपला स्वीडनविरुद्ध गोल. मग घसरण झाली आणि सगळे म्हणाले डोक्यात हवा गेली, कपडे बघा, पार्ट्या बघा (मीही म्हणत होतो, खोटं कशाला बोलू). जुलै २०२३ मध्ये माजी फुटबॉलर गॅरी नेव्हिलला मुलाखत देताना त्यानं स्वतः सांगितलं, सहाव्या वर्षी लैंगिक अत्याचार, सातव्या वर्षी सिगरेट, आठव्या वर्षी ड्रग्ज पोचवायचं काम, १२ व्या वर्षी दुसऱ्या कुटुंबानं सांभाळायला घेतलं, आणि नंतर झोपेच्या गोळ्यांचं व्यसन. जखम पैशाच्या दहा-बारा वर्षं आधीची. पैशानं आणि नावानं काय केलं, तर ती झाकली.

ब्राझीलच्या आद्रियानोचंही तसंच. २००४ च्या कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) फायनलमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल केला, काही दिवसांतच वडील गेले, वय २२. पुढं दारू, २००९ मध्ये इंटर मिलान हा इटलीतला क्लब सोडून परत ब्राझील. रिओमधल्या ज्या वस्तीत वाढला त्या व्हिला क्रुझेरोतच त्याला बरं वाटायचं, लोक हसले त्याला.

नावाचं ओझं वेगळं, ते पैशापेक्षाही वाईट असं माझं मत. फ्रेडी अडू हा अमेरिकन पोरगा १४ व्या वर्षी डीसी युनायटेड या क्लबकडून खेळला, अमेरिकेच्या लीगमधला सगळ्यात जास्त पगार त्याचा, ५ लाख डॉलर, वर नायकेचे १० लाख. पुढचा पेले म्हणून इतका डंका पिटला की साधा बरा खेळाडू होण्याची मुभाच राहिली नाही, शेवटी सर्बिया, फिनलंड करत फिरला. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर गोल मारला की पेठ पोराला खांद्यावर घेते, गुलाल उधळते, पण दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला दांडी मारली तर तीच पेठ भर चौकात आईबहिणीवरून काढते. ती सोय या बिचाऱ्यांना नाही.

स्पेनच्या लामिन यमालचं पुढं काय होतंय बघायला पाहिजे. युरो २०२४ (युरोपातल्या देशांची स्पर्धा) च्या फायनलच्या आदल्या दिवशी १७ पूर्ण, गोल केला की बोटांनी ३०४ दाखवतो, रोकाफोंदा या त्याच्या वस्तीच्या पिनकोडचे शेवटचे आकडे. छान वाटतं ते. पण १८ व्या वाढदिवसाच्या पार्टीत करमणुकीला बुटक्या माणसांना आणलं आणि स्पेनच्या मंत्रालयानं चौकशीची मागणी केली. चूकच होती. मला प्रश्न पडला तो हा, की पार्टी ठरवताना खोलीत एवढी माणसं असतील, एकालाही वाटलं नाही का 'हे नको' म्हणावं?

घरचे जवळ असले की झालं असंही नाही बरं का. फ्रान्सच्या पोग्बा या फुटबॉलरला २०२२ मध्ये बंदूक दाखवून पैसे मागितले त्या प्रकरणात सख्ख्या भावाला शिक्षा झाली.

एक मात्र करता येईल. पूर्वी इंग्लंडमधल्या फुटबॉलरना ३५ व्या वर्षी पेन्शन सुरू करता यायची, २००६ पासून नव्यांना ती सवलत नाही, आता पन्नाशी ओलांडेपर्यंत थांबा. करिअर संपतं ३४ ला! ती सवलत परत द्या, लॉकबिकपेक्षा बरी.

त्या पोराचं राहिलंच. दोन वर्षांनी गुडघा गेला, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. पुढच्याच महिन्यात ऑफिसात फोन आला, मला वाटलं तोच असेल. चुलतभाऊ होता. गाडीचा हप्ता बाउन्स झालाय, तुम्ही काय करताय म्हणून मलाच झापत होता.