दयाळ, पाकट आणि बांगडा

प्रश्न : मालवणच्या बाजारात पाकट उघड विकला जातो, पण दयाळ पिंजऱ्यात ठेवला तर गुन्हा. दोघांपैकी जास्त धोक्यात कोण? आणि पक्षी व मासा यांचं वर्गीकरणात काही नातं लागतं का?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : नातं लागतं, आणि तेही बांगड्याच्या बाजूने. पाकट हा कास्थिमत्स्य, म्हणजे मऊ कूर्चेच्या सांगाड्याचा मासा, मुशीचा (शार्कचा) भाऊबंद. त्याच्या अंगात हाड नाहीच, म्हणून कोळणीचा कोयता त्याच्या कण्यातून सहज जातो. बांगडा मात्र हाडांचा. हाडांच्या माशांच्याच एका शाखेतून पुढे बेडूक, सरडे, पक्षी आणि आपण आलो. म्हणजे टोपलीत पाकटाला चिकटून पडलेला बांगडा नात्याने दयाळाला जास्त जवळचा! दयाळ पक्षिवर्गातला, माशीमारांच्या कुळातला.

आता धोक्याचं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत दयाळ 'सर्वांत कमी चिंता' या गटात आहे. आपल्या किनाऱ्यावर मिळणारा पांढऱ्या ठिपक्यांचा पाकट मात्र 'संकटग्रस्त' आहे. आपल्याकडचे रानपक्षी 1972च्या वन्यजीव कायद्याने पाळता येत नाहीत, ते योग्यच आहे. पाकटांच्या मात्र मोजक्याच जातींना हे संरक्षण आहे. काटेरी पाकट 2001 साली या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आला. बाकीचे बहुतेक सर्रास विकले जातात, आणि हे मला फार खुपतं.

कारण पाकट अंडी घालत नाही, मोजकीच पिल्लं देतो, आणि वयातही उशिरा येतो. मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) आलेली भरल्या पोटाची मादी वाळूवर पिल्लं टाकताना मी पाहिली आहे: पंख गुंडाळलेली, पण शेपटीसकट पूर्ण घडलेली. दयाळाची जोडी एका विणीत चार-पाच अंडी घालते आणि वर्षभरात मोडलेली वीण पुन्हा सावरते. पाकटाला ते जमत नाही. जावाच्या एका छोट्या पाकटाचा एकमेव नमुना 1862 साली जकार्ताच्या मासळीबाजारात मिळाला होता. 2023 साली ती जात नामशेष झाल्याचं आययूसीएनने जाहीर केलं. दयाळानेही निर्धास्त राहू नये: त्याच जावात गाण्याच्या स्पर्धांसाठी पकडून पकडून तो रानातून कमी झालाय.

रापणीत पाकट बहुधा जिवंत येतो. ओळखीचे रापणकर असतील तर पोटुशी मादी परत सोडायला त्यांना जरूर सांगा. शेपटीच्या काट्यापासून हात कसा वाचवायचा, हे त्यांना चांगलंच ठाऊक असतं.