दगड जळत नाही, मग त्याची उष्णता मोजतात कशी?

प्रश्न : मॅडम, आम्ही भंडारा जिल्ह्यात राहतो. आमच्याकडे कायनाइट आणि सिलिमनाइट ही दोन्ही खनिजं सापडतात. माझी मुलगी अकरावीत आहे. तिचं म्हणणं, दोन्हींत अ‍ॅल्युमिनियमचे दोन, सिलिकॉनचा एक आणि ऑक्सिजनचे पाच अणू. मग ती वेगळी कशी? आणि कोळसा जाळून त्याची उष्णता मोजतात हे समजतं, पण दगड तर जळत नाही. मग त्याच्या ऊर्जेचे आकडे पुस्तकात येतात कुठून? घरी काही करून बघता येईल का?
— एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर : तुमच्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. माझी नोकरीची बरीच वर्षं याच कामात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी फरक बघू. या कुटुंबात तिसरं एक भावंडही आहे, अँडालुसाइट. तिघांचे अणू तेच, रचना निराळी. दोनपैकी एका अ‍ॅल्युमिनियमभोवती कायनाइटमध्ये सहा ऑक्सिजन असतात, अँडालुसाइटमध्ये पाच आणि सिलिमनाइटमध्ये चार. कायनाइट सगळ्यांत दाटीवाटीने रचलेलं, म्हणून हाताला जड लागतं. त्याची निळसर पाती मिळाली तर चाकूच्या टोकाने लांबीच्या दिशेने ओरखडा काढून बघा, उमटेल. तोच आडवा काढायला गेलात तर चाकू नुसता घसरेल. एकाच दगडाचा कठीणपणा दिशेप्रमाणे इतका बदलताना क्वचितच दिसतो.

आता उष्णता. जळत नाही त्याला विरघळवायचं, ही यातली युक्ती. १८४० साली रसायनशास्त्रज्ञ हेसने दाखवून दिलं, की सुरुवात आणि शेवट ठरलेले असले की वाटेत कुठल्याही पायऱ्या घ्या, एकूण उष्णतेचा हिशेब बदलत नाही. म्हणजे कायनाइट एका द्रवात विरघळवा आणि लागलेली उष्णता मोजा. त्याच द्रवात सिलिमनाइट विरघळवा, तीही मोजा. दोन्ही द्रावणं शेवटी सारखीच होतात, तेव्हा दोन आकड्यांतली वजाबाकी हाच दोन खनिजांतला फरक. निसर्गात हा बदल व्हायला लाखो वर्षं लागोत, आपण तो दोन मापांत पकडतो.

पण विरघळवायचं कशात? पूर्वी हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरत. बऱ्याच सिलिकेटांना ते चालतं, या तिघांपुढे मात्र त्याची डाळ शिजत नाही. शिकागो विद्यापीठात ओले क्लेप्पा यांनी सुमारे ७०० अंश सेल्सिअसला वितळलेलं लेड बोरेट हे द्रावक म्हणून रुळवलं, आणि कशालाच दाद न देणारी खनिजं एकदाची विरघळू लागली. त्यांच्या विद्यार्थिनी अलेक्झांड्रा नव्रोत्स्की यांनी ही पद्धत पुढे कितीतरी खनिजांपर्यंत नेली. माझ्या मते खनिजांच्या उष्मामापनात याहून मोठं पाऊल पडलेलं नाही.

प्रत्यक्षात काम असं चालतं. खनिज अगेटच्या खलात घोटायचं, पण बेताने. फार घोटलं तर स्फटिकाची रचनाच बिघडते, ती बिघडण्यात ऊर्जा साठते आणि आकडा खोटा येतो. मग त्याची सुमारे १० मिलिग्रॅमची गोळी दाबून, तोलून, सिलिका काचेच्या लांब नळीतून खाली सोडायची. तळाशी प्लॅटिनमच्या मुशीत लेड बोरेट वितळलेलं असतं आणि मुशीच्या कक्षाभोवती थर्मोकपलांची, म्हणजे तापमानातला फरक विजेच्या रूपात दाखवणाऱ्या तारजोड्यांची, दाट रांग असते. शेजारी अगदी तसाच दुसरा कक्ष असतो, म्हणजे भट्टीचं तापमान किंचित हललं तरी दोन्हीकडे सारखंच हलतं आणि वजाबाकीत निघून जातं. गोळी पडली की पडद्यावरची रेघ चढते, मग सावकाश उतरते. रेघ मूळ जागी येईपर्यंत हात लावायचा नाही. रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे उष्णता. ते ज्यूलमध्ये वाचता यावं म्हणून आधी कोरंडमच्या, म्हणजे शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या गोळ्या टाकून उपकरण जुळवून घेतात.

उष्णता किती? गोळी तापवून विरघळवायला एका मोलमागे (मोल हे कण मोजायचं ठरलेलं माप, या खनिजांचा एक मोल म्हणजे सुमारे १६२ ग्रॅम) दीडशे किलोज्यूलच्या आसपास. १० मिलिग्रॅमच्या गोळीला जेमतेम नऊ ज्यूल. एवढ्या उष्णतेने चहाचा चमचाभर पाणी अर्धा अंशही तापणार नाही. आणि आपल्याला हवा आहे तो फरक अँडालुसाइट आणि सिलिमनाइट यांच्यात मोलमागे सुमारे चार किलोज्यूल, म्हणजे त्या गोळीत पाव ज्यूल!

हे झालं एन्थाल्पीचं, म्हणजे ठरावीक दाबाखाली पदार्थात असलेल्या उष्णतेच्या हिशेबाचं. एन्ट्रॉपी, म्हणजे ढोबळमानाने अणूंना हालचालीला असलेली मोकळीक, काढायची पद्धत वेगळी. खनिज निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या, जवळ नेतात आणि तिथून थोडी थोडी उष्णता देत तापमान किती वाढतं ते टिपत वर येतात. या मोजमापांतून २५ अंश सेल्सिअसला मोलमागे, केल्विनमागे (एक केल्विन म्हणजे एका सेल्सिअस अंशाएवढाच फरक) कायनाइटची एन्ट्रॉपी सुमारे ८३ ज्यूल, अँडालुसाइटची ९१ आणि सिलिमनाइटची ९५ येते. दाटीवाटीच्या कायनाइटची सर्वांत कमी, हे ओघानेच आलं.

आता मुलीला एक भागाकार करायला सांगा. एका खनिजाचं दुसरं कोणत्या तापमानाला होईल, हे साधारणपणे एन्थाल्पीतल्या फरकाला एन्ट्रॉपीतल्या फरकाने भागून मिळतं. अँडालुसाइट आणि सिलिमनाइट यांच्या एन्ट्रॉपीत फरक फक्त चार ज्यूलचा. म्हणजे एन्थाल्पी मोजताना एका किलोज्यूलची चूक झाली, तर उत्तर अडीचशे अंशांनी सरकतं. तक्त्यातल्या आकड्याशेजारी जे अधिक-उणे छापलेलं असतं, ते मी विद्यार्थ्यांना आकड्याच्या आधी वाचायला लावत असे ते यासाठीच.

याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. ही तिन्ही खनिजं एकत्र टिकतील असं तापमान आणि दाब एकच आहे. दाबभट्टीतल्या प्रयोगांवरून रिचर्डसन, गिल्बर्ट आणि बेल यांनी १९६९ मध्ये ते ६२२ अंश आणि ५.५ किलोबार (एक किलोबार म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट) सांगितलं. दोनच वर्षांनी होल्डअवे यांनी ५०१ अंश आणि ३.७६ किलोबार सांगितलं. खडक किती खोल गाडला गेला होता हे भूवैज्ञानिक यावरून ठरवतात. पहिला आकडा धरला तर सुमारे २० किलोमीटर, दुसरा धरला तर १४. पर्वताचा सगळा इतिहासच बदलतो. अशा वादात उष्मामापन स्वतंत्र साक्षीदार म्हणून उभं राहतं, कारण त्याला खनिजं एकमेकांत बदलण्याची वाट बघावी लागत नाही. अँडरसन, न्यूटन आणि क्लेप्पा यांनी १९७७ मध्ये अँडालुसाइट-सिलिमनाइटचा फरक लेड बोरेटमध्ये मोजला तो याच प्रश्नासाठी. आज बहुतेक जण होल्डअवे यांच्या आकड्याच्या आसपास राहतात.

घरी काय करता येईल? आम्ल आणि शिसं यांच्या वाटेला मुळीच जाऊ नका. दगडाची विशिष्ट उष्णता, म्हणजे एक ग्रॅम दगड एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता, मात्र छान मोजता येते. भेग नसलेली, २०० ग्रॅमची गारगोटी दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा. थर्मासमध्ये ३०० ग्रॅम पाणी घ्या, त्याचं तापमान टिपा. गारगोटी बाहेर काढून फडक्याने चटकन टिपा, कारण चिकटलेलं गरम पाणी सोबत गेलं तर उत्तर फुगतं. लगेच थर्मासमध्ये सोडा, हलकेच हलवत राहा आणि तापमान कुठवर चढतं ते बघा. पाणी २५ अंशांचं असेल तर वाढ आठ अंशांच्या आसपास यायला हवी. कमी आली तर दगड नेताना वेळ गेला का, ते आधी तपासा. मुलीला जो आकडा मिळेल तो, वापरलेल्या वजनांसह, मला जरूर कळवा.