बिब्ब्याचं नाव काजूने पळवलं

प्रश्न असा: ‘बिब्बा घालणे’मधला बिब्बा आंब्याच्या कुळातला कसा? आंब्याला तर चीक असतो.

‘चीक’ हा शब्द हल्ली वाटेल तिथे सांडतात. कैरीचा देठ मोडल्यावर उडतो त्याला घरात खुशाल चीक म्हणा. पण पानाची रचना शिकवताना रुईचा नि आंब्याचा चीक एकच, असं सांगणाऱ्यांना काय म्हणावं? रुईचा चीक जिवंत पेशींच्या लांबलचक नळ्यांत असतो. आंब्याच्या पानाची मधली शीर आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. रसवाहिन्यांच्या पट्ट्यात पेशींच्या मधून पोकळ वाटा गेलेल्या दिसतील, भोवती स्राव पाझरणाऱ्या पेशींचं अस्तर. या राळनलिका. काजूत त्याच, चारोळीत त्याच, बिब्ब्यातही त्याच; हीच या कुळाची खूण. लिंबू-संत्र्याचं कूळ वेगळं. तिथे पानात तेलाच्या गोल पोकळ्या असतात, पान उजेडासमोर धरलं की ठिपके दिसतात.

खरी गंमत आंब्या-बिब्ब्याच्या कुळाच्या नावात आहे. अ‍ॅनाकार्डिएसी! ग्रीक ‘कार्डिया’ म्हणजे हृदय. काजूची बी बोंडाबाहेर लटकते, म्हणजे ‘बाहेर आलेलं हृदय’, म्हणून हे नाव, असं भलेभले बिनदिक्कत लिहितात. साफ चूक. काजू ब्राझीलकडचा, युरोपला तो सोळाव्या शतकात कळला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिकडचे औषधविक्रेते ‘अनाकार्दियम’ विकत होते आणि ते होते आपले हृदयाच्या आकाराचे बिब्बे. १७५३ साली वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने ते नाव काजूला देऊन टाकलं, पुढे ‘ऑक्सिडेंटाले’ जोडलं, म्हणजे पश्चिमेकडचा. ‘पश्चिमेकडचा’ म्हणायची वेळ आलीच का? पूर्वेकडचा आधी होता म्हणून! बिब्ब्याला मग लिनिअसच्या मुलाने सेमेकार्पस, म्हणजे ‘खुणेचं फळ’, हे नाव दिलं. जुनं नाव शेपटासारखं मागे राहिलं: सेमेकार्पस अ‍ॅनाकार्डियम.

खूण परटाची. बिब्ब्याचा रस चुन्याबरोबर कापडाला लागला की काळा डाग धुऊन जात नाही. ‘बिब्बा घालणे’चा उगम विचारला की सगळे बिब्ब्याच्या रसाने अंगावर उठणाऱ्या फोडांकडे धावतात. मला ते पटत नाही. त्या त्रासाला मराठीत ‘बिब्बा उतणे’ आहेच. ठरत आलेल्या सोयरिकीत कोणी बिब्बा घालतो तेव्हा फोड कुणालाच येत नाहीत. डाग मात्र पडतो, आणि तो कुठल्याही परटाला निघत नाही.