चिमटा टोपलीत टाकू नकोस

"माझी मुलगी एकवीस महिन्यांची आहे. तिच्या विकासासाठी मी रोज सकाळी अर्धा तास राखून ठेवते. रंगांची कार्डं, आकारांचे ठोकळे, चित्रांचं पुस्तक. ती पाच मिनिटंही बसत नाही. मधेच उठते आणि कपड्यांचे चिमटे एकेक करून माझ्या हातात आणून देते. मी ते टोपलीत टाकून तिला परत बसवते. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे, पण तिच्या वयाची मुलं रंग ओळखतात. तिची एकाग्रता कशी वाढवू?"
– एक काळजीत पडलेली आई

अगं, मी त्या चिमट्यांपाशीच अडकले. तू ते दोन वाक्यांत उरकलंस आणि कार्डांकडे वळलीस.

टोपलीपर्यंत जायचं, एकच चिमटा उचलायचा, तो सांभाळत तुझ्यापाशी यायचं, तुझ्या हातात ठेवायचा, की पुन्हा मागे फिरायचं. याला एकाग्रता नाही तर काय म्हणायचं? आणि ती रोज तूच मोडतेस. मला राग आला, लपवत नाही. तिच्यापाशी अजून पुरेसे शब्द नाहीत, म्हणून ती वस्तू आणून बोलते. हे घे, आता तुझी पाळी, असं सांगते. आणि तू तिला खाली बसवतेस.

मुलांची बुद्धी कशी घडते हे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांना घरात बघून टिपलं आणि १९३६ साली ते प्रसिद्ध केलं. त्यातली सोळा महिन्यांची ल्युसिएन मला फार आवडते. घड्याळाची साखळी काडेपेटीत, फट अगदी बारीक. ती फटीकडे बघत राहिली, स्वतःचं तोंड उघडलं, मिटलं, आणखी मोठं उघडलं, आणि मग फटीत बोट घालून पेटी ओढली. फट मोठी करायचा विचार तिने आधी तोंडाने करून पाहिला होता. त्या वेळी वडिलांनी मधे हात घातला असता, तर तो विचार कुणाला दिसलाच नसता.

रंग ती ओळखेल. त्याची इतकी घाई कशाला?

कार्डं महिनाभर कपाटाच्या वरच्या फळीवर ठेव. तुटलेले, तार सुटलेले चिमटे टाकून दे, कारण या वयात सगळं तोंडात जातं. मग उद्या कपडे वाळत घालताना टोपली तिच्यापाशी जमिनीवर ठेव. तिने चिमटा दिला की घे, "लाल चिमटा, बाबांच्या शर्टाला" म्हण आणि लाव. "हा कुठला रंग?" असं अजिबात विचारायचं नाही. पुढच्यासाठी हात पसरून थांब. ती रेंगाळेल, टोपली पालथी करेल, दोन्ही हातांनी चिमटा दाबायला बघेल. जमणार नाही, तरी तू पुढे होऊ नकोस. तिने तुझ्याकडे बघेपर्यंत थांब.

कपडे वाळत घालायला दुप्पट वेळ लागेल. तुझा तो सकाळचा अर्धा तास याला दे.