कपाशीचं वर्ष आणि सेमिनरीची फी

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्या ताईंनी एका सेमिनरीच्या, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या ईश्वरविज्ञान महाविद्यालयाच्या कचेरीत, फीच्या खिडकीवर, बावीस वर्षं काम केलं. आता त्या दारव्हा तालुक्यात आपल्या गावी राहतात.)

प्रश्न : ताई, सलाम. माझा मुलगा अमरावती विद्यापीठाचा बी.ए. झाला. पाळक व्हायचं त्याच्या मनात आहे. चार वर्षांच्या बी.डी.साठी, म्हणजे ईश्वरविज्ञानाच्या पदवीसाठी, त्याची निवड झाली. कॉलेजचं पत्र इंग्रजीत आहे. पहिल्या सत्राचे ४१,५०० रुपये १५ जूनच्या आत भरायचे, असं तो वाचून सांगतो. माझी पाच एकर कोरडवाहू. जूनमध्ये बी-खताला पैसा लागतो, हाती पैसा येतो तो दिवाळीनंतर. सोसायटीचं पीककर्ज उचलून त्यातून फी भरू का? पत्रावर सेरामपूरचं नाव आहे. ही डिग्री सरकारची की चर्चची, असं गावात विचारतात. काय सांगू?
— एक वडील, ता. घाटंजी

उत्तर : भाऊ, सलाम. पीककर्जाला हात लावू नका. ते पैसे मातीत गेले तरच दिवाळीला घरात येतील. ते खिडकीवर दिले तर नोव्हेंबरात सोसायटीचंही देणं राहील आणि कॉलेजचा दुसरा हप्ताही.

हे मी एवढ्या ठामपणे सांगते, त्याला कारण आहे. एका जूनमध्ये आपल्याच भागातले एक गृहस्थ माझ्या खिडकीवर आले होते. रात्रभर जनरल डब्यात उभं राहून आलेले. पायजम्याच्या आतल्या खिशातून त्यांनी नोटांची घडी काढली, घामानं ओली झालेली. तिच्यात कृषी केंद्राचं एक बिल अडकून आलं. पाच पाकिटं सरकी घेतली होती, त्यातली दोन परत केल्याची नोंद त्यावर पेनानं केलेली होती. तारीख उलटून दोन दिवस झाले होते. मी नियमाप्रमाणे विलंब शुल्काची पावती फाडली. त्यांनी काही न बोलता तेही भरलं. हप्ते पाडून मिळण्याची सोय त्या कॉलेजात होती. माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर, इंग्रजीत, दोन ओळींत. अट एकच, अर्ज मुदतीच्या आत यायला हवा. त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि खिडकीच्या आत बसलेल्या मीही सांगितलं नव्हतं. त्या माणसाची दोन पाकिटांची जमीन त्या साली बिनपेऱ्याची राहिली असेल. ते बिल मला आजही दिसतं.

म्हणून आता नीट ऐका. ४१,५०० हा एकच आकडा दिसत असला तरी तो पाच-सात रकमांचा मिळून झालेला असतो. मुलाला कागद घेऊन जवळ बसवा आणि एकेक ओळ वाचायला लावा. प्रवेश फी आणि नोंदणी फी बहुधा एकदाच लागते. अनामत म्हणून जी रक्कम असेल ती शिक्षण संपल्यावर परत मिळायची असते. तिची पावती घरच्या पेटीत ठेवा, मुलाच्या सुटकेसमध्ये नको. चार वर्षांनी पावती सापडत नाही आणि ते पैसे मागायला कोणी येत नाही, हे मी दरवर्षी पाहिलं. शिक्षण शुल्क सत्राचं असतं. मेसचे पैसे सत्राचे एकदम मागितले असतील, तर महिन्याच्या महिन्याला घेता का, असं विचारा. परीक्षा फी पुढे विद्यापीठाला जाते, तिला सूट मिळत नाही. एवढं वेगवेगळं केलं की पहिल्या दिवशी खरंच किती लागतात, ते समजेल. ते निम्म्याच्या आसपास निघालं तर मला नवल वाटणार नाही.

मग प्राचार्यांच्या नावे अर्ज करा. मुलगा इंग्रजीत लिहील, खाली तुम्ही मराठीत सही करा. सोबत पेऱ्याची नोंद असलेला सातबारा आणि तुमच्या पाळकसाहेबांचं पत्र जोडा. ‘परिस्थिती बेताची आहे, कृपा करावी’ एवढ्यावर थांबू नका. तारखा द्या. आज इतके भरतो, इतके नोव्हेंबरअखेर, उरलेले जानेवारीच्या मध्यावर. पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे होत असली तरी तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) कापूस घातला तर पैसे खात्यात पडायला दिवस लागतात, म्हणून तारीख थोडी पुढचीच टाका आणि दिलेली मात्र पाळा. कॉलेजातल्या लोकांना कपाशीचं वर्ष ठाऊक नसतं. त्यांचं वर्ष जूनला सुरू होतं, आपलंही जूनलाच सुरू होतं, फक्त आपला जून देण्याचा असतो. हे कागदावर आलं की समजून घेणारी माणसं तिथं असतात. अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासह.

मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, मदतीचं तसंच. ‘मंडळी तुझ्या पाठीशी आहे’ हे उपासनेत सगळ्यांसमोर सांगितलं जातं, लोक मनापासून सांगतात. पण खिडकीवर रक्कम लागते. कमिटीच्या ठरावाची नक्कल मागून घ्या, त्यात किती रुपये आणि कोणत्या महिन्यात हे लिहिलेलं हवं. बदल्यात शिक्षणानंतर अमुक वर्षं त्याच मंडळ्यांत सेवा करायची अट असेल, तर ती मुलाने स्वतः वाचून मगच सही करावी. अट वाईट नसते. पण तिसऱ्या वर्षी ती पहिल्यांदा समजली की पोरं खचतात.

पत्रात नसलेला खर्चही धरा. अंथरूण-पांघरूण, ग्रीक आणि हिब्रूची पुस्तकं, रविवारी सेवेला बाहेरच्या मंडळीत जायचं भाडं. सुटीत गावी येण्यासाठी रेल्वेची विद्यार्थी सवलत असते, तिचा फॉर्म कॉलेजच्या कचेरीतून भरून घ्यावा लागतो. आपल्या मुलाला धामणगाव किंवा वर्ध्यापर्यंत तरी गाडीनंच यायचं आहे. ग्रंथालयात, बागेत किंवा मेसमध्ये काही तास काम करून फीत सूट देण्याची पद्धत पुष्कळ सेमिनऱ्यांत आहे. पहिल्याच आठवड्यात विचारायला सांगा, जागा लवकर भरतात.

डिग्रीचं विचारलंत. सेरामपूर हे बंगालात हुगळीच्या काठी आहे. विल्यम केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये तिथं कॉलेज काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला पदव्या देण्याची सनद दिली. पुढे १९१८ मध्ये बंगालच्या विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला. देशभरातली अनेक ईश्वरविज्ञान महाविद्यालयं सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे तिथल्या पदव्यांचा कारभार पाहणाऱ्या सभेशी, जोडलेली आहेत, परीक्षा आणि पदवी तिची. म्हणजे पदवीला सनदेचा आणि कायद्याचा आधार आहे, तिचा उपयोग मात्र मुख्यतः मंडळीच्या सेवेत आणि पुढच्या ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणात. सरकारी नोकरीच्या फॉर्मला मुलाचं बी.ए. कामी येईल, ते कागद जपून ठेवा. गावात कोणी फारच विचारलं तर हेही सांगा, की याच केरींनी मराठीचं व्याकरण लिहिलं आणि ते १८०५ मध्ये सेरामपुरातच छापलं.

मनात आलं म्हणून सांगते. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून आपल्या यवतमाळलाच होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. ती इथं असती तर तुमचा मुलगा घाटंजीची एसटी धरून सणाला घरी आला असता.

प्रश्न : माझ्या दहावीच्या मार्कशीटवर एक नाव आहे, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरं आणि आधारवर वडिलांचं नाव अर्धंच. कॉलेजने तात्पुरता प्रवेश दिला, पण विद्यापीठाची नोंदणी अडेल असं म्हणतात. कोणतं नाव धरू?
— एक विद्यार्थी, ता. मोर्शी

उत्तर : बाळा, दहावीचं धर. पुढची सगळी प्रमाणपत्रं त्याच्यावरून तयार होतात. नोंदणीच्या फॉर्ममध्ये मार्कशीटवर जसं आहे तसं, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने लिही. आडनाव आधी असेल तर आधीच. आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी पाळकांकडून त्यांच्या लेटरहेडवर एक पत्र आण, की दोन्ही नावांची व्यक्ती एकच. बाप्तिस्म्याचं नावच पुढे चालवायचं असेल तर राजपत्रात नावबदल करून घे, पण तो नोंदणीच्या आधी झाला पाहिजे. एकदा नोंदणी क्रमांक पडला की नंतर पदवीच्या वेळी बदलायला फार हेलपाटे पडतात.

आणि मायग्रेशन, म्हणजे आधीचं विद्यापीठ किंवा बोर्ड सोडल्याचं प्रमाणपत्र. विद्यापीठाचं असो की बोर्डाचं, ‘नंतर देतो’ म्हणून ते मागे पडतं आणि सिनेटची नोंदणी त्याच्यापाशीच थांबते. अमरावतीला जाशील तेव्हा ते हातात घेऊनच परत ये.

प्रश्न : ताई, माझ्या नवऱ्याला सेमिनरीत प्रवेश मिळाला आहे. आम्ही मेळघाटातले कोरकू. दोन लेकरं आहेत, मोठी पहिलीत जाईल. मी बारावी झाले. सोबत जावं की गावी राहावं? आणि ख्रिस्ती असल्याने आमचा जमातीचा दाखला जाईल, असं एकजण म्हणाले.
— एक वाचक, ता. धारणी

उत्तर : दाखल्याची काळजी करू नकोस. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती आहे, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो.

जाण्याचं म्हणशील तर बाई, क्वार्टर मिळत असेल तर जा. विवाहित विद्यार्थ्यांच्या खोल्या थोड्या असतात आणि यादी लागते, म्हणून नवऱ्याने होकाराच्या पत्रातच मागणी करावी. क्वार्टरचं भाडं, विजेचं मीटर वेगळं की एकत्र, गॅस कोणाच्या नावावर, मुलीची शाळा किती लांब आणि तिथं शिकवतात कोणत्या भाषेत, हे फोनवर विचारून घे. दवाखान्याची फी नवऱ्याच्या नावावर भरलेली असते, तिच्यात तू आणि लेकरं धरता का, हेही.

आणखी एक गोष्ट तू स्वतः विचार, नवऱ्यावर सोपवू नको. ग्रंथालयाचं कार्ड बायकांना मिळतं का? मी होते तिथं मिळायचं, साध्या अर्जावर. पण बावीस वर्षांत खिडकीवर त्यासाठी आलेल्या बायका मी बोटावर मोजू शकते. त्यातली एक मेळघाटाचीच होती, कडेवर पोर घेऊन आलेली. तिला लिहायला माझं पेन दिलं होतं मी. तीन वर्षं ती दर शनिवारी दुपारी पुस्तक बदलायला यायची.