बशीत नाणी भरणारा मृत्यू

चि. मुलीला अनेक आशीर्वाद.

लाकडी ठोकळ्यात कोरून छापलेल्या तुझ्या वुडकटच्या प्रूफचा, म्हणजे चाचणी छापाचा, फोटो मिळाला. पाचशेच्या नोटांची थप्पी आणि वर कवटी. कोरलंयस स्वच्छ, शाई एकसारखी बसलीय, गांधीजींचा चष्मासुद्धा ओळखू येतो. पण खरं सांगू? बघून मला काही झालं नाही. कवटी दिसली की माणूस म्हणतो ‘हं, मृत्यू’, नोटा दिसल्या की ‘हं, पैसा’, आणि पुढच्या चित्राकडे वळतो. तुझी कवटी तिथे नुसती बसलीय. तिला काही काम दे.

सोळाव्या शतकातला जर्मन चित्रकार हान्स होल्बाइन, त्याची मृत्यूवरची वुडकटमालिका तू चाळली असशील. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात 1520 च्या दशकाच्या मध्यावर त्याने ही चित्रं रेखाटली. त्यातलं श्रीमंत माणसाचं चित्र मोबाइलवर मोठं करून बघू नकोस, मूळ मापात छापून हातात धर. जेमतेम साडेसहा बाय पाच सेंटिमीटर, काड्यापेटीहून जरा मोठं. जाड गजांची खिडकी, कुलूपबंद पेट्या, टेबलावर नाण्यांचा ढीग. मृत्यू स्टुलावर ऐसपैस बसलाय आणि संध्याकाळी दुकानदार गल्ला आवरतो तसा निवांतपणे नाणी बशीत भरतोय. म्हातारा दोन्ही हात वर करून आकांत करतोय. आता मृत्यूचे हात बघ. तो त्या माणसाला शिवतसुद्धा नाही! नेतोय ते पैसे, आणि जीव जातोय म्हाताऱ्याचा. इतकी बोचरी थट्टा मी दुसऱ्या कुठल्या प्रिंटमध्ये पाहिली नाही.

तसाच न्यायाधीश बघ. एका बाजूला पैसेवाला, दुसऱ्या बाजूला गरीब. पैसेवाल्याकडून लाच घ्यायला साहेबांचा हात पुढे झालाय आणि मागून मृत्यू त्यांच्या हातातली अधिकाराची काठी ओढून घेतोय. फेरीवाल्याची तो बाही धरतो. पाठीवर ओझं घेतलेला तो बिचारा पुढच्या रस्त्याकडे बोट दाखवतोय, जणू ‘एवढा बाजार करून येतो’. शेतकऱ्यापाशी मात्र मृत्यू घोडे हाकतो, नांगराला मदत करतो, आणि पलीकडे सूर्य कललेला. ज्याच्याकडे साठवलेलं काही नाही, त्याच्याशी मृत्यू इतका सौम्य का, याचा जरा विचार कर. बासेलच्या कब्रस्तानाच्या भिंतीवर मृत्यूनृत्याचं मोठं चित्र होतंच. तिथे मृत्यू प्रत्येकाला नाचवत न्यायचा. होल्बाइनने नाच जवळजवळ बंद केला आणि मृत्यूला थेट ज्याच्या त्याच्या धंद्यात घुसवलं.

आता कोरणाऱ्याबद्दल, कारण तू कोरणारी आहेस. हे ब्लॉक होल्बाइनने कोरले नाहीत, हान्स ल्युट्झेलबुर्गरने कोरले. नाण्याएवढ्या जागेत नाण्यांचा ढीग! प्रत्येक नाणं म्हणजे आजूबाजूचं लाकूड काढून उभी ठेवलेली केसाएवढी कड. सुरी जराशी घसरली की नाणं गेलंच. 1526 मध्ये हा माणूस वारला. मागे कर्ज होतं, आणि हे ब्लॉक देण्यापोटी फ्रान्समधल्या लियोंच्या मेल्किओर ट्रेक्सेल या मुद्रकाकडे गेले. श्रीमंताची नाणी उचलणाऱ्या मृत्यूचा ठोकळाच कर्जवसुलीत उचलला गेला. पुस्तक निघालं 1538 मध्ये, 41 चित्रांचं. होल्बाइनचं नाव त्यात कुठेच नाही. उलट प्रस्तावनेत चित्रकाराच्या मृत्यूबद्दल हळहळ आहे, आणि होल्बाइन तर तेव्हा इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या दरबारी चित्रं काढत होता. तो गेला 1543 मध्ये. ती हळहळ ल्युट्झेलबुर्गरसाठी असावी, असं अभ्यासक मानतात. त्याची खूण एका चित्रात सापडते: सरदारीणबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी नावाची दोन आद्याक्षरं. मला ती दोन अक्षरं फार आवडतात. ज्याच्या बोटांनी हे उभं केलं, त्याने पलंगाला टेकून स्वतःपुरती जागा करून घेतली.

तेव्हा तुझा ब्लॉक फेकू नकोस, पण त्यावर वेळही घालवू नकोस. नवा घे, तळहाताएवढा. तुझ्या मामांच्या सराफीच्या दुकानात जाऊन दोन-तीन दुपारी नुसती बस. तोळामासा वजन करताना ते काट्याकडे मान कशी कलती करतात, नोटा मोजताना अंगठा कुठे ओला करतात, तिजोरीची किल्ली कमरेला कुठे खोचतात, ते स्केचबुकात उतरव. मृत्यू शेवटी येऊ दे. तो कुठे बसेल आणि कशाला हात घालेल, हे तुला तिथे बसल्यावरच सुचेल. कदाचित तो गिऱ्हाईक म्हणून गादीवर टेकला असेल आणि मामांनी त्याच्यासाठी चहा सांगितला असेल.

प्रूफ साध्या कागदावरच काढ, महागडा कागद एवढ्यात नको. आणि सही उलटी कोरायला विसरू नकोस. माझ्या पहिल्या वुडकटवर माझं नाव आरशात वाचावं लागतं. घरच्यांनी तोच हौसेने फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय.

तुझे
सर