विधी विद्यापीठांत सध्या कोणते संशोधन प्रकल्प चालू आहेत? साध्या लॉ कॉलेजच्या विद्यार्थ्याला त्यांचा काही उपयोग असतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "आमचे सर म्हणतात, संशोधन प्राध्यापकांनी प्रमोशनसाठी करावं, कोर्टात त्याचा काडीचा उपयोग नाही." मी उत्तर लिहायला बसले ते या वाक्यामुळे. ज्या ऑफिसात मी ज्युनिअर म्हणून उमेदवारी केली, तिथे हेच वाक्य उठता-बसता ऐकलंय.

आधी प्रकल्पांचं सांगते. माझ्या मते सगळ्यात भक्कम काम फाशीच्या कैद्यांवरचं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात ते 'प्रोजेक्ट ३९ अ' या नावाने वाढलं. २०१६च्या अहवालासाठी त्यांनी देशभरातले ३७३ फाशीचे कैदी आणि त्यांची कुटुंबं यांच्याकडून माहिती गोळा केली. त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. तीच मंडळी आता हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात 'द स्क्वेअर सर्कल क्लिनिक' म्हणून काम करतात. येरवडा आणि नागपूर कारागृहांतल्या कच्च्या, म्हणजे खटला अजून संपायचा आहे अशा कैद्यांसाठी वकील आणि समाजकार्यकर्ते एकत्र आणून 'फेअर ट्रायल'चं काम उभं केलं तेही त्यांनीच. पुण्याच्या १९९४च्या खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा सुनावलेला एक जण गुन्ह्याच्या वेळी जेमतेम बारा वर्षांचा होता, हे शाळेच्या नोंदीवरून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३मध्ये मान्य केलं आणि २८ वर्षांनी तो सुटला. त्याची बाजू याच प्रकल्पाने लढवली. कोर्टात उपयोग नाही म्हणणाऱ्या तुमच्या सरांना हा निकाल जरूर वाचायला द्या.

बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधल्या बालहक्क केंद्राने पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, विशेष न्यायालयांचा अभ्यास केला, त्यात महाराष्ट्रावर २०१७चा स्वतंत्र अहवाल आहे. बाकी यादी विद्यापीठांच्या वेबसाइटवर मिळेल, ती इथे उतरवत नाही.

आता माझा अनुभव. माझं कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणचं, तीन वर्षांचं एलएलबी. आमच्या एका मॅडमनी साधा प्रकल्प काढला होता: जामीन मंजूर होऊनही आत राहिलेले लोक शोधायचे. कोर्टातले जामिनाचे आदेश एका बाजूला, तुरुंगातली बंद्यांची यादी दुसऱ्या बाजूला. जामिनाची तारीख, रक्कम, अट आणि सुटकेची तारीख असे रकाने. सुटकेचा रकाना कोरा राहिला की त्या माणसाला भेटायचं. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पत्रावर, त्यांच्या यादीवरच्या (पॅनेल) वकिलांबरोबर आम्ही आत जायचो. मॅडमची सक्त ताकीद होती की पहिला प्रश्न हाच विचारायचा, "तुमचा जामीन झालाय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

एक ऊसतोड मजूर होता, बीडकडचा. कोपीवरच्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवरच्या, भांडणात कोयता चालला म्हणून आत आलेला. आदेशात लिहिलं होतं: पंधरा हजारांचा जातमुचलका (स्वतःचं हमीपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक ऐपतदार जामीनदार. मी तो प्रश्न विचारला तर तो म्हणाला, "ताई, माझी तारीख लागलेली नाही अजून." आदेशाचा कागद माझ्या फाइलमध्ये होता, आणि त्याला पत्ताच नव्हता.

त्याचा भाऊ कोर्टात येऊन गेला होता. सातबारा, आठ अ, रेशनकार्ड, फोटो, सगळं घेऊन. पण सातबारा बीड जिल्ह्यातला, म्हणून तो जामीनदार चालला नाही. नंतर हंगाम संपला, कारखाना बंद झाला, टोळी गावी परतली. मुकादम फोन उचलेना. ज्या तालुक्यात माणूस फक्त ऊस तोडायला आला, तिथे त्याला जमीनवाला जामीनदार कुठून मिळायचा?

हे सगळं सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्येच सांगून ठेवलंय, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश. गरीब गवंडी, दहा हजारांचा जामीन, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारलेला जामीनदार. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते साफ चुकीचं ठरवलं. पॅनेल वकिलांनी त्याच आधारावर, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४०खाली सत्र न्यायालयात अर्ज केला. रक्कम कमी झाली, स्थानिक जामीनदाराची अट गेली आणि माणूस सुटला. तो रकाना मी स्वतः भरला.

पुढे सिनिअरकडे लागल्यावर असंच एक प्रकरण आलं. जामीन होऊनही पक्षकार आतच. मी म्हटलं, अट शिथिल करून घेऊ. सिनिअर म्हणाले, "ऑर्डर झाली, आपलं काम संपलं. जामीनदार आणणं नातेवाइकांचं काम. ते प्रोजेक्ट-बिजेक्ट विसर आणि वकिली शीक." ऑफिसात सगळ्यांसमोर. ज्याची सुटकाच झालेली नाही त्याचं काम संपलं कसं? तेव्हा मी गप्प बसले, कारण ज्युनिअरने बोलायची रीत नव्हती. आता बोलते. ३१ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले: जामिनाच्या आदेशाची प्रत तुरुंगामार्फत कैद्यापर्यंत ई-मेलने जावी, सात दिवसांत सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं, आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये. आमच्या मॅडमच्या तक्त्यातले रकाने आठवा. सुटकेची तारीख हा वकिलीचाच भाग आहे, समाजसेवा नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार?

म्हणून माझं ऐका. मोठ्या विद्यापीठाच्या प्रकल्पात जागा मिळाली तर उत्तम, पण तिची वाट बघत बसू नका. तुमच्या कॉलेजचं विधी साहाय्य केंद्र कागदावर का होईना, असणारच. प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा आणि जामीन होऊनही न सुटलेल्यांचं काम मागा.

हेही सांगायला हवं की या कामात पैसे जवळपास नसतात, परवानग्यांना वेळ लागतो, निधी आटला की चांगले प्रकल्पही बंद पडतात. शिवाय वकिलीची सनद मिळेपर्यंत कैद्याला कायदेशीर सल्ला देऊ नका. विचारा, लिहून घ्या आणि पॅनेल वकिलांकडे द्या. आणि नाव, गुन्हा, गाव यातलं काहीही व्हॉट्सॲपवर टाकू नका.